पाचशे डॉलरची रेसकार आणि बदललेलं इंजिन : सातवी-आठवीसाठी एक पाठ



आजचा पाठ गणित आणि विज्ञान दोन्हींचा आहे. पण उदाहरण आंबे, पेढे किंवा पाण्याच्या टाकीचं नाही. जुन्या गाडीतलं खराब झालेलं इंजिन काढून तिथे दुसरं बसवायचं आणि ते शर्यतीसाठी जुळवून घ्यायचं, हे आजचं उदाहरण. हा विषय माझ्याकडे कसा आला ते आधी सांगतो. आमच्या वर्गात एक मुलगा आहे, त्याच्या वडिलांचं दुचाकीचं गॅरेज आहे. पालकसभेला ते मला म्हणाले, "सर, तेवढा याच्या हातातला पाना सोडवा. पुस्तकात डोकंच घालत नाही." मी मान डोलावली, आणि त्यालाही चार शब्द सुनावले. पुढे काय झालं ते खाली येईलच.

अमेरिकेत '२४ अवर्स ऑफ लेमन्स' नावाची शर्यत भरते. फ्रान्समधल्या 'ल मां' या प्रसिद्ध २४ तासांच्या शर्यतीच्या नावावर केलेली ही कोटी आहे. तिकडे बोलीभाषेत रड्या गाडीला 'लेमन' म्हणतात. जे लॅम यांनी २००६ साली कॅलिफोर्नियात ही सुरू केली. मुख्य नियम असा की गाडीची किंमत पाचशे डॉलरच्या आत हवी. चालकाला वाचवणारा लोखंडी पिंजरा, सीट, पट्टे, ब्रेक यांचा खर्च मात्र त्यात धरत नाहीत. (हा नियम मुलांना मुद्दाम सांगा. काटकसर कुठे करायची नाही हे त्यातून कळतं.) परीक्षकांना गाडी महाग वाटली तर जादा दर दहा डॉलरला एक फेरी दंड. बक्षिसाची रक्कम पाच-पाच सेंटच्या नाण्यांत मोजून देतात, म्हणजे पोतंच उचलायचं!

इथे पहिलं गणित सुटतं. समजा गाडी ४०० डॉलरला घेतली, इंजिन २५० ला आणलं, आणि जुने सुटे भाग ७० ला विकले. विकलेल्याची रक्कम वजा होते. मग हिशोब ५८० चा, म्हणजे आठ फेऱ्या दंड. शर्यत सुरू होण्याआधीच गाडी उणे आठवर! ऋण संख्या शिकवायला मला याहून बरं उदाहरण सापडलेलं नाही. कारण इथे 'उणे' म्हणजे नेमकं काय ते मुलांना दिसतं.

आता गाडी घेऊ माझदा मियाटा. दोन माणसांची, लहान, वजनाला हलकी. अमेरिकेत १९९० ते १९९३ च्या मॉडेलमध्ये १.६ लिटरचं इंजिन होतं, १९९४ पासून १.८ लिटरचं आलं. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली, त्यामुळे १.६ गेलं की त्या जागी १.८ बसवायची तिथे पद्धतच आहे. भंगारातून तेच इंजिन स्वस्तात हवं असेल तर लोक फोर्ड एस्कॉर्ट जीटीचं आणतात. तेही त्याच घराण्यातलं. पण त्या गाडीत इंजिन आडवं बसतं आणि ताकद पुढच्या चाकांना जाते. मियाटात ते उभं बसतं आणि मागची चाकं फिरतात. म्हणून ऑइलचं पॅन, हवा आत नेणारा मॅनिफोल्ड, पाणी बाहेर पडायचं तोंड, हे भाग मियाटाचेच लावावे लागतात. सख्ख्या भावाचा शर्ट अंगात बसतो, पण बाह्या दुमडाव्या लागतात, तसं.

१.६ आणि १.८ हे आकडे येतात कुठून? फळ्यावर वृत्तचिती काढा. लहान इंजिनात सिलिंडरचा व्यास ७८ मिमी, पिस्टनची चाल ८३.६ मिमी, आणि असे चार सिलिंडर. सेंटिमीटरमध्ये घेऊ : ३.१४ × ३.९ × ३.९ × ८.३६, उत्तर साधारण ३९९. गुणिले चार, १५९७ घन सेंटिमीटर. मोठ्यात व्यास ८३ मिमी, चाल ८५ मिमी. तेच सूत्र, उत्तर १८३९ च्या आसपास. सूत्र पाठ असलेल्या मुलांनीसुद्धा इथे व्यासाची त्रिज्या करायला विसरून जवळजवळ साडेसहा लिटरचं इंजिन काढलं. हसू द्या, मग चूक शोधायला लावा.

पुढचा प्रश्न जरा खोल आहे. आकारमान किती टक्क्यांनी वाढलं? साधारण १५. कंपनीने सांगितलेली ताकद मात्र ११६ अश्वशक्तीवरून १२८ वर गेली, म्हणजे दहा टक्केच. मग उरलेले पाच टक्के कुठे गेले? मुलांना बोलू द्या. आमच्याकडे एकजण म्हणाला, "सर, पोट मोठं झालं पण तोंड तेवढंच राहिलं." उत्तर वाईट नाही. इंजिनाला श्वास किती घेता येतो यावर पुष्कळ अवलंबून असतं. दुसरं कारण आकड्यातच आहे. लहान इंजिन हवा-पेट्रोलचं मिश्रण ९.४ पट दाबतं, मोठं ९ पटच.

इंजिन विकत घेण्याआधी प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. समजा वाचन १७०, १७०, १७० आणि ९० आलं. सरासरी किती? १५०. सरासरी बघून घेणारा फसला, कारण चौथा सिलिंडर मेलेला आहे. हे गणित मांडताना मला आमच्याच निकालपत्रकाची आठवण झाली. वर्गाची सरासरी चांगली म्हणून आपण पाठ थोपटून घेतो, तेव्हा तो ९० वाला कुठे बसलेला असतो?

इंजिन उतरवण्याचं काम धीराचं. आधी बॅटरीची तार काढायची, पाणी आणि ऑइल सोडायचं, पेट्रोलच्या नळीतला दाब उतरवायचा. प्रत्येक वायर आणि पाइप काढताना कागदी चिकटपट्टीवर नाव लिहून लावायचं. ज्याने हे केलं नाही त्याची जोडताना रात्र जाते. मग चेन कप्पीने इंजिन उचलायचं. ते बाहेर आहे तोवर क्लच प्लेट, मागचं ऑइल सील, पाण्याचा पंप बघून घ्यायचे. भाग स्वस्त असतात, तिथवर पोचायची मेहनत महाग. टायमिंग बेल्ट घालताना वरच्या दोन चाकांवरच्या खुणांमध्ये बेल्टचे बरोबर १९ दात मोजावे लागतात. अठरा नाही, वीस नाही. पहिलीतलं मोजणं इथे कामाला येतं! पहिल्यांदा चालू करतानाही ठिणगी बंद ठेवून इंजिन नुसतं फिरवतात, म्हणजे ऑइल सगळीकडे पोचतं.

आता जुळवणी. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. गुणोत्तर आणि प्रमाण हा धडा इथे जिवंत होतो. इडलीच्या पिठात उडीद कमी पडला तर इडली बसते एवढंच. इंजिनात पूर्ण जोर असताना पेट्रोल कमी पडलं तर आतली उष्णता वाढते, मिश्रण अवेळी पेटून ठोके पडतात आणि पिस्टन वितळू शकतो. म्हणून पूर्ण जोरात हे प्रमाण १२.५ ते १३ च्या दरम्यान, म्हणजे पेट्रोल जरा जास्त ठेवतात. फार जास्तही नको. प्लग काळे होतात, आणि लांबच्या शर्यतीत पेट्रोलसाठी पुन्हापुन्हा थांबावं लागतं.

१.६ वाल्या मियाटात आत येणारी हवा एका झडपेने मोजली जाते. झडपेला स्प्रिंग असते, स्प्रिंगला दातेरी चाक. स्प्रिंग एखादा दात सैल केली की तेवढ्याच हवेने झडप जास्त उघडते, संगणकाला वाटतं हवा जास्त आली, आणि तो पेट्रोल वाढवतो. नवं इंजिन मोठं, मोजमाप जुनंच, तेव्हा बिनपैशाचा उपाय म्हणून काहीजण हेच करतात. पण धुरातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र लावून, अंदाजाने नाही.

शेवटी ठिणगीची वेळ. कंपनीच्या मापाने मोकळ्या चालीत ठिणगी पिस्टन वर पोचायच्या १० अंश आधी पडते. शर्यतवाले बरेचदा ती १४ वर नेतात. मिनिटाला ६००० फेरे म्हणजे सेकंदाला १००, म्हणजे ३६,००० अंश. चार अंश म्हणजे सेकंदाचा नऊ हजारावा भाग! त्यासाठी हेडच्या मागे कॅमला जोडलेला सेन्सर सैल करून हाताने थोडा फिरवायचा. मी फळ्यावर लिहिलं : 'सेन्सर ४ अंश फिरवा.'

मागच्या बाकावरून तो गॅरेजवाला मुलगा उभा राहिला. "सर, दोनच."

"का रे?"

"क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. बेल्टचं वरचं चाक दुप्पट मोठं असतं. बाबांकडे मोजलंय मी."

त्याचं बरोबर होतं. सेन्सर कॅमबरोबर फिरतो, म्हणून तिथले दोन अंश म्हणजे क्रँकचे चार. माझ्या सांगण्याप्रमाणे केलं असतं तर ठिणगी १८ वर गेली असती, आणि ठोके पडून इंजिन खराब होण्याचा धोका होता. मी फळा पुसला आणि खडू त्याच्या हातात दिला. त्याने दोन वर्तुळं काढली, एक लहान, एक मोठं, आणि दातांचं गुणोत्तर १:२ असं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच वाकडं.

त्या संध्याकाळी मी गॅरेजवर गेलो. वडील म्हणाले, "काय केलं याने?" मी झालेली चूक सांगितली, म्हणजे माझी. ते जरा वेळ गप्प राहिले, मग मुलाला म्हणाले, "सरांना खुर्ची दे." पाना सोडवा असं मी परत म्हणालो नाही. त्यांनीही विषय काढला नाही.

पालकांसाठी एक सूचना : हे सगळं बंद मैदानावरच्या गाडीचं आहे. आपल्याकडे रस्त्यावरच्या गाडीचं इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंद करावी लागते. मुलांनी घरच्या स्कूटीवर प्रयोग करू नयेत हे वर्गात दोनदा सांगा.

साहित्य म्हणून मी गॅरेजमधून फुटलेला पिस्टन, जुना बेल्ट आणि दोन दातेरी चाकं आणली होती. वस्तू देण्याआधी पिस्टन रॉकेलने पुसून घ्या आणि धारदार कड चिकटपट्टीने झाका. दोन तासिका पुरत नाहीत, तीन धरा.