लिहिलेला चौक

डहाणू व तलासरी तालुक्यांतील वारली पाड्यांवर लग्नाचा चौक काढत नाहीत, तो लिहितात. चित्रासाठी ‘लिहिणे’ हे क्रियापद तेथे पूर्वापार वापरात आहे, आणि ते यथार्थ आहे.

गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सवासिनी तांदळाच्या पिठाच्या पाण्याने चौक लिहितात. बांबूची काडी टोकाशी ठेचली की कुंचला तयार होतो. सूर्य-चंद्र वाटोळे दिसतात, डोंगर टोकदार. चौकोन मात्र निसर्गात सहसा आढळत नाही. तो माणसाने घातलेली सीमा होय. तिच्या आत पालघट ही वनस्पतींची व सुफलतेची देवी असते. सूर्य, चंद्र, फणी, शिडी यांनाही चौकात स्थान मिळते. शेजारच्या लहान चौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव असतो.

एवढ्यावर चौक पूर्ण होत नाही. धवलेरी ही लग्न लावणारी स्त्री गाणी म्हणून देवतांना पाचारण करते, तेव्हा रेषांना अर्थ प्राप्त होतो. चौकावाचून लग्न लागत नाही. अक्षरलिपी नसलेल्या या समाजाचे ज्ञान असे रेषा, गीत व विधी या तिहींत मिळून साठविले गेले. वडीलधाऱ्या बायकांच्या शेजारी बसून मुली ते शिकत आल्या. भाविकांस हे अपरिचित वाटू नये. शेंदूर माखलेल्या तांदळ्यास तरी नाकडोळे कोठे असतात? तरीही हात आपोआप जोडले जातात.

इ. स. १९७० नंतरच्या दशकात ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांनी, पुरुष असूनही, हा कुंचला हाती घेतला. शेती, मासेमारीचे जाळे, तारप्याभोवती फिरणारा नाच, लोककथा असे सारे त्यांनी दोन त्रिकोणांच्या माणसांतून सांगितले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली त्यांचे निधन झाले. नाचाचे चित्र कागदावर सुखाने नांदते, कारण ती गोष्ट आहे. पालघटाचे तसे नाही. पिशवीवर छापलेल्या आकृतीत रेषा त्याच असतात, पण तेथे धवलेरी नसते, वधूवरही नसतात. ती शोभेची वस्तू म्हणून जरूर घ्यावी. तिला चौक म्हणू नये.

महालक्ष्मीच्या दर्शनास आलेल्या भाविकांना लग्नघरी जाण्याचा योग आल्यास चौकास हात लावू नये. छायाचित्र घेण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांची अनुमती घ्यावी.