एका सकाळची नव्हे, दोन वर्षांची निवड

सोनकच्छ

चि. ईशा हिस,


तुझं पत्र पोचलं. ऑलिम्पिकच्या ट्रायथलॉन संघाची ट्रायल कधी असते, असं तू विचारलंस. हा प्रश्न आपल्या घरात कुणी विचारेल असं मला कधी वाटलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या वेळी क्रॉसकंट्रीचा संघ एका सकाळच्या धावण्यातून निवडायचे. त्या सकाळी मला ताप होता. धावलो, मागे पडलो, आणि वर्षभराची मेहनत तिथेच संपली. तुझ्या खेळाचं तसं नाही. तिथे एका वाईट सकाळमुळे कुणी बाद होत नाही, आणि एका चांगल्या सकाळच्या जोरावर कुणी ऑलिम्पिकला पोचतही नाही.

पॅरिसचंच उदाहरण घे. २०२४ साली तिथे ५५ पुरुष आणि ५५ स्त्रियांना जागा होती. त्यांची पात्रता मुख्यतः २७ मे २०२२ ते २७ मे २०२४ या दोन वर्षांतल्या शर्यतींच्या गुणांवर ठरली. शर्यत जितकी मोठी तितके गुण जास्त. जागतिक मालिकेत पहिल्याला १०००, दुसऱ्याला ९२५, आणि पुढे प्रत्येक क्रमांकाला साडेसात टक्क्यांनी कमी. वर्ल्ड कप जिंकणाऱ्याला ५००. या गुणांतून ऑलिम्पिक पात्रतेची क्रमवारी तयार होते. पुरुषांत आणि स्त्रियांत एका देशाचे एरवी प्रत्येकी फार तर दोन खेळाडू जातात, आणि तिघे पहिल्या तिसांत असतील तरच तीन. मिश्र रिलेत पात्र ठरलेल्या देशाला दोन पुरुष आणि दोन स्त्रिया नेता येतात.

आता आपल्या दाराजवळची वाट सांगतो. ज्या देशाला दुसऱ्या कुठल्याच मार्गाने जागा मिळालेली नाही, अशा देशांतल्या सर्वांत वरच्या खेळाडूसाठी प्रत्येक खंडाला एक जागा राखलेली असते. त्यासाठीही पॅरिसच्या वेळी क्रमवारीत पहिल्या १८० मध्ये असावं लागत होतं. आशियाच्या त्या एका जागेसाठी अनेक देश झटतात. भारताचं कुणी अजून ऑलिम्पिक ट्रायथलॉनमध्ये उतरलेलं नाही. पण २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत गुजरातची प्रज्ञा मोहन आणि महाराष्ट्राची संजना जोशी उतरल्या होत्या. त्या गेल्या तिथवरची वाट तुझ्यासाठी मळलेली आहे.

गुण देणाऱ्या या शर्यतींत स्वतःहून नाव घालता येत नाही, ते राष्ट्रीय महासंघाकडून जातं. म्हणून राज्य संघटनेकडे नोंदणी कर आणि राष्ट्रीय स्पर्धा एकही चुकवू नकोस. ऑलिम्पिकच्या अंतराला किमान वय १८ लागतं, तोवर ज्युनियरच्या शर्यती मनापासून खेळ. आयर्नमॅनच्या पदकांनी मात्र हुरळू नकोस. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल आणि पूर्ण मॅरेथॉन यांना मोठी जिद्द लागते, पण त्यातून ऑलिम्पिकचे गुण मिळत नाहीत. तुझं अंतर दीड किलोमीटर पोहणं, ४० सायकल आणि १० धावणं.

सोनकच्छहून देवास गाठून आणखी थोडं पुढे गेलीस की ४० किलोमीटर भरतात. तुझे पाय हे सहज करतील, मला माहीत आहे. माझी काळजी पाण्याची आहे. ऑलिम्पिकच्या पद्धतीत सायकलवर एकमेकांच्या मागे राहून वारा चुकवायला परवानगी असते, म्हणून पाण्यातून एकत्र निघालेले घोळक्याने पुढे जातात. जो मिनिटभर उशिरा निघाला तो एकटा वारा कापतो, दमतो, आणि पुढच्यांनी त्याला एक फेरी मागे टाकलं तर त्याला शर्यतीतून बाहेर काढतात. धावणं कितीही चांगलं असो, ते दाखवायची वेळच येत नाही.

लहानपणी तू कालीसिंधच्या काठावर पाय बुडवून बसायचीस, आणि मी तुला आत जाऊ द्यायचो नाही. नदीला ओढ असते, आजही तिथे एकटी उतरू नकोस. पण ती भीती तुझ्या मनात मीच घातली असेल, तर ती काढणं माझंही काम आहे. इंदूरच्या तरणतलावाची फी मी देईन. ५० मीटरच्या तलावात तीस वेळा आरपार जायचं, की दीड किलोमीटर होतं. पहिल्या दहा आणि शेवटच्या दहा फेऱ्यांची वेळ वेगवेगळी लिहून ठेव.

गुण दोन वर्षांत मोजतात, पण ते कमवायची तयारी त्याच्या खूप आधीपासून रोज थोडीथोडी साठते. एखाद्या दिवशी अंगात ताप असेल तर झोप. त्या दिवसाने तुझं काही जाणार नाही. माझं गेलं होतं, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

पुढच्या पत्रात निकाल नको, त्या दोन वेळा कळव.

तुझा,
मामा