शिशाची भिंतच फसवते तेव्हा

अंगठ्याचा ठसा जसा प्रत्येकाचा वेगळा, तसेच प्रत्येक अणुकेंद्रकाचे गॅमा किरणही वेगळे. उत्तेजित केंद्रक खालच्या ऊर्जा पातळीवर उतरताना ठरावीक ऊर्जेचा गॅमा किरण बाहेर टाकते. उदा. पोटॅशियम-४० पासून १४६१ आणि थॅलियम-२०८ पासून २६१५ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट (किइव्हो). ही ऊर्जा मोजून केंद्रक ओळखणे म्हणजे गॅमा वर्णपटशास्त्र.

याचा उपयोग कुठे?

जर्मेनियम-७६ च्या केंद्रकातून कधीतरी दोन इलेक्ट्रॉन एकदम बाहेर पडतात. सोबत दोन प्रतिन्यूट्रिनोही जातात आणि थोडी ऊर्जा घेऊन जातात. पण ते बाहेर पडलेच नाहीत तर? मग दोन इलेक्ट्रॉनांची मिळून ऊर्जा नेमकी २०३९ किइव्हो भरेल. असे दिसले तर न्यूट्रिनो हा स्वतःचाच प्रतिकण आहे, हे सिद्ध होईल. इटलीतील ग्रान सासो डोंगराखालच्या 'गेर्डा' प्रयोगाने हेच शोधले. घटना दिसली नाही. म्हणून २०२० साली त्यांनी सांगितले, की तिचे अर्धायुष्य १.८ × १०^२६ वर्षांपेक्षा जास्त असले पाहिजे. विश्वाचे वय सुमारे १.४ × १०^१० वर्षे आहे, म्हणजे बघा!

अडचण कोणती?

बाहेरचे किरण अडवायला शोधकाभोवती शिसे लावण्याची पद्धत आहे. पण वैश्विक किरणांमुळे तयार झालेला न्यूट्रॉन शिशावर आदळला की शिसेच गॅमा किरण सोडते.

१) शिसे-२०६ : सुमारे २०४१ किइव्हो. आपल्या २०३९ च्या अगदी शेजारी!

२) शिसे-२०७ : ३०६२ किइव्हो. हा लांबचा वाटतो ना? पण शोधकात त्यापासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी तयार होऊ शकते. पॉझिट्रॉन नष्ट होताना ५११ किइव्होचे दोन किरण निघतात. ते दोन्ही निसटले, तर मागे उरतात ३०६२ − १०२२ = २०४०. शिवाय ही ऊर्जा जवळपास एकाच जागी जमा होते, हुबेहूब खऱ्या घटनेसारखी. त्यामुळे नुसत्या संकेताच्या आकारावरून ती वेगळी काढता येत नाही.

म्हणजे शिखर दिसले म्हणून लगेच शोध लागला असे म्हणता येत नाही.

मग उपाय?

चोर एकटा येत नाही, साथीदार घेऊन येतो! २०४० ला खूण दिसली, तर ३०६२ लाही बघायचे. तिथेही शिखर असेल तर संशय शिशावर. त्यासाठी शास्त्रज्ञ शिशावर मुद्दाम न्यूट्रॉन सोडून कोणता किरण किती प्रमाणात निघतो ते मोजून ठेवतात. गेर्डामध्ये तर शोधकाभोवती शिशाऐवजी द्रवरूप आर्गॉन आणि पाणी वापरले होते.

आपल्या मुंबईतही, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, कथिल-१२४ च्या अशाच शोधाच्या तयारीसाठी साहित्याची गॅमा तपासणी झाली आहे.

थोडक्यात : दुर्मीळ गोष्ट शोधायची असेल, तर आधी नेहमीच्या गोष्टी नीट ओळखता आल्या पाहिजेत.

करून बघा : थॅलियम-२०८ च्या २६१५ किइव्हो किरणापासून जोडी तयार झाली आणि ५११ चे दोन्ही किरण निसटले, तर शिखर कुठे दिसेल? (उत्तर : १५९३ किइव्हो)