सिस्टर ओळखतात, तरी नाव का विचारतात?

प्रश्न : माझ्या वडिलांच्या किडन्या निकामी झाल्या आहेत, शुगरही आहे. नुकतंच त्यांना दवाखान्यात भरती केलं होतं. वॉर्डातल्या सिस्टर त्यांना चांगल्या ओळखायच्या, 'काका, जेवलात का?' म्हणून चौकशी करायच्या. पण इंजेक्शन देताना दर वेळी विचारायच्या, 'पूर्ण नाव सांगा.' सुट्टीच्या दिवशी पथ्यपाणी समजावलं आणि म्हणाल्या, 'आता तुम्ही मला सांगा, घरी गेल्यावर काय करणार?' बाबांना राग आला. 'मी काय शाळेत आलो का?' म्हणाले. हा नियम आहे की त्या सिस्टरची सवय?
— एक वाचक, जळगाव जामोद

उत्तर : दोन्ही गोष्टी सुरक्षित शुश्रूषेच्या नियमांतल्या आहेत. बाबांची परीक्षा त्यात कुठेच नव्हती. नाव विचारून सिस्टर आपल्या हातून चूक होऊ नये याची खात्री करत होत्या. पथ्य परत म्हणवून घेताना त्या स्वतःचं समजावणं तपासत होत्या.

आधी नावाचं पाहू. परिचारिकांना शिक्षणातच पाच गोष्टी घोकायला लावतात : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. यात पहिला क्रमांक रुग्णाचा आहे, कारण माणूसच चुकला तर पुढचं सगळं बरोबर असूनही उपयोग नाही. आपल्याकडे एका वॉर्डात एकाच आडनावाचे, कधी एकाच नावाचे दोघे सहज सापडतात. रात्रीतून खाट बदलते. त्यामुळे खाटेचा क्रमांक ओळख म्हणून धरत नाहीत. नाव आणि त्यासोबत जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक, अशा दोन खुणा जुळवतात. जुन्या माणसांना जन्मतारीख ठाऊक नसते, तेव्हा केसपेपरवरचा किंवा मनगटावरच्या पट्टीवरचा क्रमांक पाहतात.

प्रश्न कसा विचारला, यालाही महत्त्व आहे. 'तुम्ही अमुक पाटील ना?' असं विचारलं तर गुंगीतला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही 'हो' म्हणतो. म्हणून नाव रुग्णाच्या तोंडून यावं लागतं. ओळखीचा चेहरा दिसला की माणूस तपासायचं विसरतो, म्हणून ओळख असली तरी विचारायचंच.

एवढी काटेकोर वागणूक कशासाठी, ते इन्सुलिनवरून कळेल. आपल्याकडे कुपीत बहुधा एका मिलिलीटरला ४० युनिटचं इन्सुलिन येतं आणि त्याची सिरिंज लाल टोपीची असते. पेनच्या काडतुसात मात्र मिलिलीटरला १०० युनिट असतात. काडतुसातलं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने ओढलं, तर २० च्या रेघेपर्यंत भरलेल्या औषधात प्रत्यक्षात ५० युनिट असतात. त्यातून किडनी कमजोर असली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, आणि शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. अशा चुका जगभर होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांच्या चुका टाळण्यासाठी वेगळी मोहीम सुरू केली, आणि २०१९ पासून १७ सप्टेंबर हा रुग्ण सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो.

आता 'तुम्ही मला सांगा' याविषयी. दवाखान्यात सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतो, आणि जी लक्षात राहते त्यातली निम्मी चुकीची असते, असं रॉय केसेल्स यांनी २००३ च्या लेखात नोंदवलं आहे. यात अडाणीपणाचा संबंध नाही. आजारपण, भीती आणि घरी जायची घाई एकत्र आली की शिकलेल्या माणसाचंही तेच होतं. 'समजलं ना?' या प्रश्नाला सगळे 'हो' म्हणतात. स्वतःच्या शब्दांत सांगायला लागलं की कुठे अडलंय ते दिसतं. तिथे सिस्टरने वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगायचं असतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांतून येणाऱ्या, घरी मराठी न बोलणाऱ्या रुग्णाला तर याची जास्तच गरज.

तुमच्या भागात किडनीच्या पथ्याला आणखी एक अडचण आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात भूजल खारट. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या तालुक्यांतल्या गावांतून किडनीच्या रुग्णांच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. वान धरणावरच्या १४० गाव योजनेची मागणी याच पाण्यातून पुढे आली. अशा गावात 'चांगलं पाणी भरपूर प्या' हा सल्ला लहानपणापासून कानावर पडलेला. आणि डायलिसिस सुरू झालेल्या माणसाला सिस्टर सांगते, 'पाणी मोजून प्या.' एकाच घरात उन्हात राबणाऱ्या मुलाने तांब्यावर तांब्या प्यायचा आणि बापाने घोट मोजायचे. गैरसमज इथेच होतो.

सर्वसाधारण हिशोब असा : काल जेवढी लघवी झाली, त्यात सुमारे अर्धा लिटर मिळवून येईल तेवढंच दिवसभराचं पाणी. नेमका आकडा डॉक्टर ठरवतील. या पाण्यात चहा, ताक, वरणाचं पाणी, गोळीसोबतचा घोट, सगळं धरायचं. दोन डायलिसिसच्या मधे एक किलो वजन वाढलं, तर साधारण एक लिटर पाणी अंगात साठलं असं समजावं. मीठ कमी केलं की तहान आपोआप आवरते, म्हणून लोणचं, पापड आणि ठेच्यातल्या मिठावर आधी हात आखडता घ्या. पण 'लो सोडियम' मीठ स्वतःच्या मनाने आणू नका. त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम असतं, आणि निकामी किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. अंगदुखीसाठी दुकानातून मागून घेतलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्याही टाळायच्या.

डायलिसिससाठी हातावर फिस्टुला (शिरेची धमनीशी केलेली जोडणी) केला असेल, तर त्या हाताला बीपीचा पट्टा, रक्ततपासणीची सुई, सलाईन, घट्ट कडं यांतलं काही नको. त्या कुशीवर झोपायचं नाही. रोज सकाळी बोटं ठेवून थरथर जाणवते का पाहायचं. थरथर थांबली तर पुढच्या डायलिसिसची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

खारट पाण्याची चर्चा होते, ती व्हावीही. पण किडनी बिघडण्याची सर्वांत मोठी ज्ञात कारणं मधुमेह आणि रक्तदाब हीच आहेत. म्हणून घरातल्या बाकीच्यांनी दोन्ही तपासून घ्या. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, त्याची चौकशी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे करा.

पुढच्या वेळी बाबांनी नाव ठणकावून सांगावं. घरच्या सगळ्या गोळ्या, काढ्याच्या पुड्यांसकट, पिशवीत घालून सोबत न्याव्यात. पथ्य ऐकताना घरात स्वयंपाक करणारं माणूस शेजारी असावं, आणि परत सांगायची पाळी त्याच्यावरही यावी. कधी घाईत एखाद्या सिस्टरने नाव विचारलंच नाही, तर तुम्हीच थांबवून विचारा : 'सिस्टर, हे औषध कुणाचं आणि कशासाठी?' असं विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे, आणि चांगल्या सिस्टरला त्याचा राग येत नाही.