रस्ता सोडून वाहन नेताना : परवानगी कोणाची व कशी घ्यावी?

हुबळी-धारवाड ही जुळी शहरे दोन भिन्न भूभागांच्या सीमेवर वसलेली आहेत. पूर्वेस नवलगुंदच्या बाजूला काळ्या मातीचे सपाट रान पसरले आहे, तर पश्चिमेस कलघटगी व अळणावर ओलांडताच मलनाडची झाडी सुरू होते. धारवाडहून सुमारे ६० किलोमीटरवर दांडेली आहे. त्यापलीकडे जोयडा तालुक्याचे घनदाट अरण्य व उत्तरेस खानापूर तालुक्यातील भीमगडचा परिसर लागतो. अशा या प्रदेशात डांबरी रस्ता संपून पायवाट केव्हा सुरू झाली, हे पुष्कळदा वाहनचालकाच्या ध्यानातही येत नाही. नेमकी तेथेच कायद्याची एक सीमा असते आणि ती न जाणता ओलांडल्यामुळे अनेकांवर अकारण संकट ओढवते.

अलीकडे चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या मोटारी व उंच बांधणीच्या मोटारसायकली सर्रास दिसू लागल्या आहेत. "गाडीची नोंदणी झाली आहे, कर भरला आहे, विमा आहे, मग ती माळावर किंवा रानात नेण्यास हरकत कोणती?" असा प्रश्न तरुण मंडळी विचारतात. प्रश्न सरळ आहे व त्याचे उत्तरही सरळपणे दिले पाहिजे. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

एका शब्दाचे दोन अर्थ

प्रथम एक घोटाळा दूर करू. परिवहन कार्यालयात 'ऑफ-रोड' हा शब्द वेगळ्याच अर्थाने रूढ आहे. ज्या वाहनांचा कर तिमाहीने भरावा लागतो, अशी मालमोटार किंवा प्रवासी वाहन नादुरुस्तीमुळे वा अन्य कारणाने काही काळ उभे राहणार असेल, तर मालकाने तशी सूचना कार्यालयास आगाऊ द्यावयाची असते. हीच वाहन वापरात नसल्याची सूचना होय. कर्नाटकात खाजगी मोटारी व दुचाकी यांचा कर आजीवन भरला जात असल्याने या सूचनेचा संबंध मुख्यतः व्यावसायिक वाहनांशी येतो. तिचा रानात वाहन चालविण्याशी काहीही संबंध नाही. तेव्हा धारवाडच्या 'केए-२५' किंवा हुबळीच्या 'केए-६३' कार्यालयात जाऊन "ऑफ-रोडचा परवाना द्या" अशी मागणी केल्यास अर्जदारास हवा असलेला कागद तेथे मिळणार नाही.

दुसरा अर्थ म्हणजे रस्ता सोडून वाहन चालविणे. अमेरिकेतील काही राज्यांत यासाठी स्वतंत्र व्यवस्था आहे. उदाहरणार्थ, ॲरिझोना राज्यात २००९ पासून अशा वाहनांवर एक वार्षिक चिकटपट्टी लावावी लागते. आपल्याकडे मात्र सर्व ठिकाणी चालेल असा एकच परवाना अस्तित्वात नाही. येथे परवानगी वाहनाला मिळत नसून जागेपुरती, कारणापुरती व मुदतीपुरती मिळते, हे सूत्र वाचकांनी पक्के ध्यानात ठेवावे.

नोंदणी काय देते?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीवाचून कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक जागी चालविता येत नाही. 'सार्वजनिक जागा' याचा अर्थही कायद्याने सांगितला आहे. जनतेला जेथे जाण्याचा हक्क आहे असा रस्ता, मार्ग किंवा अन्य स्थळ म्हणजे सार्वजनिक जागा होय. कलम १४६ अन्वये तेथे त्रयस्थांच्या हानीचा विमाही अनिवार्य आहे. म्हणजे नोंदणीमुळे जनतेसाठी खुल्या असलेल्या मार्गावर वाहन नेण्याचा अधिकार मिळतो. दुसऱ्याच्या शेतात, गावाच्या गायरानात वा शासनाच्या वनात शिरण्याचा अधिकार तीतून उत्पन्न होत नाही.

आधी जागा ओळखावी

म्हणून रस्ता सोडण्यापूर्वी "ही जागा कोणाची?" असा प्रश्न स्वतःस विचारावा. उत्तरानुसार परवानगी देणारा अधिकारी बदलतो.

खाजगी शेत किंवा माळ असल्यास मालकाची संमती घ्यावी व ती लेखी असावी. तोंडी होकार वाद उद्भवल्यावर निरुपयोगी ठरतो. गायरान व इतर महसुली जमीन असल्यास तहसीलदार कार्यालय व ग्रामपंचायत यांच्याकडे विचारणा करावी.

राखीव वन असल्यास कर्नाटक वन अधिनियम, १९६३ लागू होतो. त्याच्या कलम २४ मध्ये राखीव वनात निषिद्ध असलेली कृत्ये सांगितली आहेत. येथे संबंधित वनविभागाचे उपवनसंरक्षक यांच्याकडे अर्ज करावा. धारवाड परिसरासाठी धारवाड वनविभाग व दांडेलीच्या आसपासच्या वनासाठी हल्याळ वनविभाग आहे. जागा नेमकी कोणत्या हद्दीत येते, हे जवळच्या परिक्षेत्र वन अधिकाऱ्याकडून निश्चित करून घ्यावे.

अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान वा व्याघ्र प्रकल्प असल्यास सर्वांत कठोर नियम लागू होतात. त्यांचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे.

अभयारण्यातील प्रवेश

दांडेली अभयारण्य व अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ साली व्याघ्र प्रकल्प झाला व २०१५ मध्ये त्यास काळी नदीचे नाव देण्यात आले. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य २०११ साली घोषित झाले. या क्षेत्रांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे.

या कायद्याच्या कलम २७ नुसार अभयारण्यात परवान्यावाचून प्रवेश करता येत नाही. मात्र काही व्यक्तींना यातून सूट आहे. कर्तव्यावर असलेला लोकसेवक, आत राहण्यास परवानगी मिळालेली व्यक्ती, आत स्थावर मालमत्तेचा हक्क असलेली व्यक्ती, अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक महामार्गावरून जाणारा प्रवासी आणि यांपैकी पहिल्या तिघांवर अवलंबून असलेली माणसे यांचा त्यात समावेश होतो. प्रवाशाची सूट ही त्या मार्गापुरतीच आहे. महामार्गावरून सरळ जाणारा प्रवासी निर्दोष असतो. तोच वाहन वळवून कच्च्या वनमार्गाने दोनशे पावले आत गेला, तर सूट संपते. महामार्गावरही वेळेचे बंधन असू शकते. बंदीपूर येथे २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत घातलेली वाहतूकबंदी हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे.

परवाना कोणत्या कारणासाठी मिळतो, हे कलम २८ मध्ये सांगितले आहे. वन्यजीवांची पाहणी व अभ्यास, छायाचित्रण व चित्रीकरण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्या व्यक्तीशी करावयाचा कायदेशीर व्यवहार ही ती कारणे होत. हौसेखातर चिखलातून वाहन चालविणे हे कारण या यादीत नाही. पर्यटकासाठी मार्ग आहे, पण तो वनविभागाने ठरविलेल्या फेरीचा. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मार्गाने व विभागाने मान्य केलेल्या वाहनातून अरण्य पाहता येते. तेथे स्वतःचे वाहन नेण्याचा आग्रह धरू नये.

अर्ज कसा करावा?

अर्ज साध्या कागदावर असला तरी चालतो, परंतु त्यात पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात.

१. अर्जदाराचे नाव, पत्ता व सोबत येणाऱ्या सर्वांची यादी.
२. वाहनाचा नोंदणी क्रमांक, तसेच नोंदणी प्रमाणपत्र, विमा, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र व चालकाचा परवाना यांच्या प्रती.
३. जाण्याचे कारण. 'सहल' एवढाच मोघम शब्द न लिहिता नेमके काय करावयाचे आहे ते लिहावे.
४. प्रवेशाचे ठिकाण, मार्ग व बाहेर पडण्याचे ठिकाण. शक्य असल्यास हाताने काढलेला नकाशा जोडावा.
५. तारीख, प्रवेशाची व परतीची वेळ.

अर्ज पुरेसा आधी द्यावा व पोच घ्यावी. अभयारण्यासाठी परवाना देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा असला, तरी चौकशीचा आरंभ त्या क्षेत्राच्या स्थानिक वन कार्यालयापासून करणे सोयीचे पडते. परवाना मिळाल्यावर त्यावरील अटी वाचाव्यात. मूळ प्रत वाहनात ठेवावी व नाक्यावर मागणी होताच दाखवावी. नाक्यावरील पहारेकऱ्याने तोंडी "जा" म्हटले, तरी तो परवाना होत नाही.

वाहनातील बदल व शर्यती

रानात जाण्याच्या हौसेने अनेकजण मोठी चाके बसवितात, गाडीची उंची वाढवितात वा इंजिन बदलतात. कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या व प्रमाणपत्रात नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निर्णयात हेच स्पष्ट केले आहे. कलम १८२-अ अन्वये अशा प्रत्येक बदलासाठी मालकास ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा दोन्ही होऊ शकतात. वाहन रानात चालवावयाचे असले, तरी ते तेथपर्यंत रस्त्यावरूनच जाते, हे विसरू नये.

सार्वजनिक जागी शर्यत अगर वेगाची चाचणी घ्यावयाची असल्यास कलम १८९ नुसार राज्य शासनाची लेखी संमती लागते. शिवाय मोटार विम्याच्या नेहमीच्या अटींत संघटित शर्यत व वेगाची चाचणी वगळलेली असते. म्हणजे अपघात झाल्यास नुकसानीचा भार मालकाच्या शिरावर पडू शकतो.

नियमभंगाचे परिणाम

वन्यजीव अधिनियमाच्या कलम ५१ खाली सर्वसाधारण अपराधासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाची ही मर्यादा २०२२ च्या दुरुस्तीने वाढविण्यात आली. त्याहून जिव्हारी लागणारी बाब म्हणजे वाहनाची जप्ती. या कायद्याखालील अपराधात वापरलेले व जप्त झालेले वाहन शासनाची मालमत्ता होण्याची तरतूद कलम ३९ मध्ये आहे. कर्नाटक वन अधिनियमातही वनोपजाच्या अपराधात वापरलेले वाहन सरकारजमा करण्याचे अधिकार वन अधिकाऱ्यांस आहेत.

समजा, एखाद्या तरुणाने कर्ज काढून जीप घेतली आहे व तिच्या भाड्यावर त्याचे घर चालते. चार मित्रांच्या आग्रहाखातर तो रात्री वनमार्गाने आत शिरतो आणि पहारेकरी पथकाच्या हाती सापडतो. प्रकरण न्यायालयात असेतो जीप वन कार्यालयाच्या आवारात पावसात भिजत पडते व बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. एका रात्रीच्या गमतीची किंमत संपूर्ण कुटुंबास मोजावी लागते. परवान्याच्या अर्जाला लागणारा वेळ त्या मानाने किती अल्प!

बंधन कशासाठी?

माळरान ओसाड दिसते, परंतु ते ओसाड नसते. पूर्वी धारवाड जिल्ह्यात असलेल्या व आता हावेरी जिल्ह्यात येणाऱ्या राणीबेन्नूर येथे १९७४ साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. काळविटांचे जीवन अशा उघड्या गवताळ रानावरच अवलंबून असते. टिटवी, चंडोल यांसारखे पक्षी घरटी जमिनीवरच करतात व त्यांची अंडी मातीच्या रंगाची असल्याने चालकास दिसत नाहीत. चाकाखाली दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही. पावसाळ्यात चाकोरीतून पाणी वाहू लागले की तिचीच घळ होते. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर तापलेली धूरनळी टेकली तर वणवा पेटू शकतो. भीमगडच्या बारापेडे गुहांत रॉटनच्या वटवाघळासारखा अतिदुर्मिळ जीव आहे. त्याच परिसरात म्हादईचा उगम आहे. अशा ठिकाणी वाहनांचा गोंगाट नेणे कोणासही शोभणारे नाही.

ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांचे कर्तव्य

वनातील वस्त्यांची अडचण मात्र निराळी आहे. तेथे वाहन ही हौस नसून रुग्णास दवाखान्यापर्यंत पोहोचविण्याचे साधन असते. अशा ग्रामस्थांनी आपला निवासाचा व जमिनीचा हक्क दाखविणारी कागदपत्रे तयार ठेवावीत. गावास रस्ता हवा असल्यास वनहक्क अधिनियम, २००६ च्या कलम ३(२) चा उपयोग करावा. ग्रामसभेची शिफारस असल्यास प्रत्येक कामास एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन व हेक्टरी ७५ पर्यंत वृक्षतोड या मर्यादेत रस्त्यासारख्या सुविधेस मंजुरी मिळू शकते. ग्रामसभेने ठराव करून तो पाठपुराव्यासह पाठवावा. दुसऱ्या बाजूने, अभयारण्यात राहणाऱ्यांनी अपराध रोखण्यास व वणवा विझविण्यास साहाय्य करावे, असे बंधन कलम २७ नेच घातले आहे.

शिक्षकांनी निसर्गसहल आखताना शाळेच्या पत्रावर आगाऊ अर्ज करावा, विद्यार्थ्यांची यादी जोडावी व वाहन ठरलेल्या थांब्यापुढे नेऊ नये. जागेचा मालक कोण व परवानगी कोणाची, हा पाठ मुलांना अर्ज लिहितानाच शिकविता येईल. अधिकाऱ्यांनी हद्दीचे फलक कन्नड व जेथे आवश्यक तेथे मराठीतही लावावेत. अर्ज परत करावयाचा झाल्यास कोणत्या कार्यालयाकडे जावे ते त्यावरच लिहून द्यावे. अर्जदार चार कार्यालये फिरला की पुढच्या वेळी तो अर्जच करीत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे.

रस्ता सोडण्यापूर्वी जागा कोणाची, कारण कोणते व लेखी परवानगी कोठे आहे, हे तीन प्रश्न प्रत्येक वाहनधारकाने स्वतःस विचारावेत. तिन्हींची उत्तरे हाती असतील तर खुशाल पुढे जावे. एकाचेही नसेल, तर वाहन रस्त्यावर उभे करून पायी चालावे. मात्र पायी जातानाही अभयारण्याची हद्द परवान्यावाचून ओलांडू नये. रान पायी अधिक चांगले दिसते, हे जाणकारांस सांगावयास नकोच.