मूल ‘बघून शिकणारं’ की ‘ऐकून शिकणारं’?

प्रश्न : मुलगा बाभुळगावला चौथीत आहे. हातानं वस्तू सुरेख बनवतो, पाढे मात्र पाठ होत नाहीत. ‘तो बघून शिकणारा आहे, यवतमाळच्या शाळेत घाला’ असं लोक सुचवतात. काय करावं? – एक पालक

उत्तर : मुलांवर असे शिक्के मारण्याची घाई नको. मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरचं संशोधन तपासलं. बघून, ऐकून अशा शिकण्याच्या शैलीनुसार शिकवल्यानं मूल अधिक शिकतं, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. आवड आणि गती वेगळी असते, हे मात्र खरंच.

हातांना काम देणारं शिक्षण या भागाला नवं नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये शेजारच्या वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि तिथं नेमलेल्या झाकीर हुसेन समितीनं नयी तालीमचा, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षणाचा, आराखडा मांडला. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही शेती आणि स्वयंपाक हा अभ्यासाचाच भाग आहे.

बाभुळगावात तर कापूस दारातच आहे. मुलानं वेचलेला कापूस तोलावा, सरकी काढावी, रुई पुन्हा तोलावी. साधारण एक तृतीयांश वजन रुईचं भरतं. अपूर्णांक, शेकडेवारी, भागाकार, सगळं त्यात येतं. पाढ्यांची गरज त्याला तिथंच कळेल. सराव तरीही हवाच!

शाळा बदलण्याआधी शिक्षकांशी बोलावं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृती आणि शोधातून शिकण्याची तरतूद आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. पुढच्या बैठकीत हा विषय जरूर मांडा.