अण्णाभाऊंची यंत्रमुलाखत : शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

अण्णाभाऊ साठे यांच्या भूमिकेतून उत्तर देण्यास कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणेला सांगून, लालबाग-परळमधील एखाद्या विद्यार्थ्याने १९८२ च्या गिरणी संपाविषयी विचारले, तर उत्तर बहुधा मिळेल आणि तेही आवेशपूर्ण असेल. वस्तुतः अण्णाभाऊंचे निधन १८ जुलै १९६९ रोजी झाले. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला.

ही यंत्रणा प्रचंड लिखित मजकुरातून शब्दांचे परस्परसंबंध शिकते आणि पुढे कोणता शब्द येणे संभवनीय आहे, हे ठरवीत वाक्य रचते. माहिती नसलेली जागाही ती त्याच सफाईने भरते. इंग्रजीच्या मानाने तिला मिळणारा मराठी मजकूर अल्प असल्याने हा दोष अधिक संभवतो. वाटेगावात वाढलेल्या लोकशाहिराच्या तोंडी मग पाठ्यपुस्तकी मराठी येते, हे तर कानालाही खटकते!

तथापि हे साधन त्याज्य मानण्याचे कारण नाही. अण्णाभाऊंनी स्वतः गिरणीत काम केले. अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकातून ते कामगारांपुढे गात असत. गिरणगावातील आजच्या मुलांना त्यांना प्रश्न विचारावेसे वाटणे स्वाभाविकच आहे. मात्र प्रथम 'फकिरा' किंवा 'माझा रशियाचा प्रवास' वाचून घ्यावा. त्यानंतर प्रश्न तयार करावेत आणि यंत्राच्या उत्तरातील प्रत्येक विधानापुढे आधाराचा पृष्ठक्रमांक लिहावयास सांगावे. ज्यास आधार सापडत नाही, ते वाक्य अधोरेखित करावे. काही प्रश्न मुद्दाम असे ठेवावेत की, ज्यांचे योग्य उत्तर 'याविषयी लेखी पुरावा नाही' एवढेच असेल. अधोरेखित वाक्यांवरील चर्चेस तासाचा मोठा भाग द्यावा. खरे अध्ययन तेथेच घडते.

अण्णाभाऊंनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या साहित्याचे स्वामित्वहक्क २०२९ अखेरपर्यंत अबाधित आहेत. अनुमतीवाचून संपूर्ण पुस्तक यंत्रणेत भरणे त्यामुळे इष्ट नव्हे.

ग्रामपंचायतींनीही १ ऑगस्टच्या जयंतीनिमित्त फलक किंवा स्मरणिका काढताना सावध असावे. यंत्राने रचलेले वाक्य एकदा फलकावर आले की, पुढील वर्षीचा वक्ता ते अण्णाभाऊंचे म्हणून उद्धृत करतो. अशा मजकुराखाली 'यंत्ररचित काल्पनिक संवाद' ही नोंद ठळक अक्षरांत छापावी.